ग्रामसभेचं रेकॉर्डिंग: पहिल्यांदाच मोबाइल लावणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या एका ग्रामसभेत पाण्याच्या टाकीच्या जागेवरून चांगला अर्धा तास वाद झाला. चार-पाच जणांनी उभं राहून विरोध केला. दोन बाया तर म्हणाल्या, चला, आत्ता जागेवर येऊन बघा, पावसाळ्यात तिथे नाल्याचं पाणी चढतं. दोन महिन्यांनी प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची, नक्कल काढली, तर त्या अर्ध्या तासाची एकच ओळ होती: "विषय क्र. ४ वर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर." रेकॉर्डिंग कोणाकडेच नव्हतं. एका पोराने सुरू केलं होतं, पण मध्येच त्याला शेतावरून फोन आला, रेकॉर्डिंग तिथेच तुटलं आणि त्याला ते कळलंही नाही.

तेव्हापासून मी ग्रामसभा रेकॉर्ड करतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले ओळखीचे लोक विचारतात की हे कसं करायचं, परवानगी लागते का, केस होते का. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रेकॉर्डिंग करायचं ते प्रोसिडिंगशी ताडून पाहण्यासाठी. सभेत काय बोललं गेलं आणि वहीत काय उतरलं, हे शेजारी-शेजारी ठेवता आलं पाहिजे. सरपंचांना कोंडीत पकडून त्याची रील करायची असेल, तर त्या कामाला हा लेख उपयोगी पडणार नाही. तशा रीलमुळे पुढच्या सभेत सगळ्यांचेच मोबाइल बंद करायला लावतात, हेही मी पाहिलं आहे.

सभा कोणती, ते आधी ओळखा

लोक सरसकट "मीटिंग" म्हणतात, पण प्रत्येक सभेत आपली जागा वेगळी असते. ग्रामसभेत गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण सभासद असतो. तुम्ही तिथे पाहुणे नसता, ती सभाच तुमची असते. राज्यघटनेच्या ७३व्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली, आणि ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू आहे. मासिक सभेचं तसं नाही. ती निवडून आलेल्या सदस्यांची असते. तिथे तुम्ही बसलात तरी ऐकणारे म्हणून बसता, त्यामुळे तिथे सरपंचांना विचारल्याशिवाय मोबाइल लावू नका. महिला ग्रामसभा नियमित ग्रामसभेच्या आधी होते, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागात, आणि साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतल्या काही गावांत पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीचा वेगळा कायदा, लागू आहे. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांमुळे तिथे पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. अशा सभेत आधी पाड्यातल्या जाणत्या माणसांशी बोला. बाहेरच्या गावाहून जाऊन मोबाइल रोखणं तिथे अजिबात शोभत नाही.

कायदा काय म्हणतो

आपला ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. ग्रामसभेत नागरिकाने शूटिंग करावं की करू नये, यासाठी त्यात वेगळं कलम नाही. म्हणजे बंदीही लिहिलेली नाही आणि हक्कही शब्दांत लिहून दिलेला नाही. सभा शिस्तीत चालवण्याचा अधिकार मात्र अध्यक्षांकडे असतो. "हा माझा हक्कच आहे" असं ओरडून सांगणारा आणि "हा गुन्हा आहे" असं धमकावणारा, दोघांच्याही हातात कागद नसतो, आणि बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

आपल्या बाजूने तीन गोष्टी आहेत. पहिली, ग्रामसभा उघड्यावर, सगळ्यांसमोर भरते, तिच्यात गुपित असं काही नसतं. दुसरी, माहिती अधिकार कायदा २००५. पंचायतीच्या नोंदी पाहण्याचा, टिपणं काढण्याचा आणि प्रती घेण्याचा हक्क त्याने दिला आहे, आणि त्यात व्हिडिओच्या रूपातली नोंदही येते. तिसरी, सरकार स्वतःच चित्रीकरणाचा आग्रह धरतं. ग्रामसभेतल्या निर्णयांचा व्हिडिओ अपलोड करण्यासाठी केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाचं 'जीएस निर्णय' नावाचं ॲप आहे. कोणी "शूटिंगला बंदी आहे" म्हणालं, तर ग्रामसेवकांना शांतपणे विचारा, "भाऊसाहेब, ॲपसाठी पंचायतीचं शूटिंग आज कोण करतंय?" बरेचदा तिथेच विषय मिटतो.

आता "३५३ लागेल" या भीतीबद्दल. जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलमाचा हा आकडा गावोगावी पाठ आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ते कलम आता १३२ झालं आहे. सरकारी नोकराला काम करण्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर केला, तर ते लागतं. जागेवर बसून मोबाइल धरणं म्हणजे बळाचा वापर नव्हे. पण ग्रामसेवकांच्या तोंडापुढे मोबाइल नेणं, त्यांची वाट अडवणं, वही ओढणं हे सगळं तुम्हाला त्या कलमाच्या जवळ नेतं. अंगाला हात लावला नाही, पण कामात अडथळा आणला, तर २२१ हे वेगळं कलम आहे. म्हणून माझा पहिला नियम असा: एकदा बसलात की जागा सोडायची नाही, आणि कोणाच्याही दोन हातांपेक्षा जवळ मोबाइल न्यायचा नाही.

सात दिवस आधी

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते आणि दवंडीही द्यायची असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ग्रामपंचायतीच्या फलकावर लक्ष ठेवा. नोटीस लागली की तिचा फोटो काढा. त्या फोटोत तारीख, वेळ, ठिकाण आणि विषयपत्रिका पूर्ण दिसली पाहिजे. रेकॉर्डिंगची सुरुवात खरी या फोटोपासून होते, कारण नोटिशीत नसलेला विषय सभेत कसा आला, हे पुढे याच्यावरूनच कळतं.

मग एक साधा अर्ज द्या. त्यात परवानगी मागू नका, कळवा. "परवानगी मिळावी" असं लिहिलंत की उत्तर येईपर्यंत अडकून पडता, आणि उत्तर येत नाही. मी असं लिहितो:

"प्रति, मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत (गावाचं नाव). विषय: दि. … रोजीच्या ग्रामसभेच्या चित्रीकरणाबाबत. महोदय, मी या गावचा मतदार व ग्रामसभेचा सभासद आहे. वरील ग्रामसभेचे कामकाज मी माझ्या मोबाइलवर एका जागी बसून, कामकाजात अडथळा न आणता चित्रित करणार आहे, हे माहितीस्तव कळवत आहे. चित्रीकरणाची पूर्ण प्रत ग्रामपंचायतीस हवी असल्यास देण्यास मी तयार आहे. काही आक्षेप असल्यास कारणासह लेखी कळवावे, ही विनंती."

दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. सही, शिक्का आणि तारीख तिन्ही हवेत. ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, अर्जात तेच लिहा. बोलताना भाऊसाहेबच म्हणा. प्रत देण्याचं वाक्य गाळू नका. त्या एका वाक्याने निम्मा संशय जातो, असा माझा अनुभव आहे.

अर्ज देऊन झाला की सरपंचांच्या घरी चहाला जाऊन तोंडीही सांगा. गाव लहान असतं, अण्णा-आप्पांशी नातं असतं. कागदाने जे ताणलं जातं, ते बोलण्याने सैल होतं.

मोबाइलची तयारी

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी फ्लाइट मोड. फोन आला की पुष्कळ मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग थांबतं. आमच्या टाकीचा अर्धा तास असाच गेला. घरच्यांना आधी सांगून ठेवा की दोन-तीन तास फोन लागणार नाही.

मग जागा. घरी एक मिनिट रेकॉर्ड करा, फाइल किती एमबीची झाली ते बघा आणि सभेच्या मिनिटांनी गुणा. ७२० पिक्सेलवर तासाला साधारण तीन-चार जीबी लागतात, फोनप्रमाणे कमी-जास्त. ग्रामसभेला ७२० पुरेसं आहे. चित्र सिनेमासारखं नसलं तरी चालतं, आवाज मात्र स्वच्छ हवा. म्हणून दुसरा एखादा जुना मोबाइल नुसत्या आवाजाच्या रेकॉर्डिंगवर लावून टेबलाजवळ ठेवा, आणि तो तिथे ठेवल्याचं सगळ्यांना सांगा. शाळेच्या व्हरांड्यात वारा असतो, पंखा खडखडतो, मागे पोरं खेळतात. मागच्या रांगेतून घेतलेल्या व्हिडिओत नुसता गोंगाट ऐकू येतो.

१ मे ची सभा असेल तर ऊन धरून चाला. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. पत्र्याच्या समाजमंदिरात पॉवर बँक लावून रेकॉर्डिंग केलं की मोबाइल तापतो आणि आपोआप बंद पडतो. मागचं कव्हर काढा, उन्हाच्या तिरिपेत ठेवू नका, चार्जिंग आधीच पूर्ण करा आणि पॉवर बँक गरज पडली तरच लावा. दर अर्ध्या तासाला रेकॉर्डिंग थांबवून लगेच पुन्हा सुरू करा. फाइली लहान राहतात, आणि एक बिघडली तरी बाकीच्या वाचतात. थांबवताना वेळ मोठ्याने बोला, म्हणजे कापाकापी केल्याचा आरोप होत नाही.

मोबाइल आडवा धरा. पंधरा-वीस रुपयांचा स्टँड मिळाला तर उत्तम, नाहीतर दोन विटांच्या मध्ये आडवाच टेकवून ठेवा.

सभा सुरू झाल्यावर

रेकॉर्डिंग लपवून करू नका. अध्यक्ष आसनावर बसले की उभं राहून दोन वाक्यांत सांगा: "मी आजच्या सभेचं पूर्ण शूटिंग करतोय, तसा अर्ज दिला आहे. कोणाला स्वतःचं बोलणं नको असेल तर हात वर करा, तेवढा वेळ मी मोबाइल खाली करीन." हे वाक्य व्हिडिओत आलंच पाहिजे. कोणी तरी विचारणारच, "कसाले शूटिंग करी राहिना रे भो?" त्याला तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्या: प्रोसिडिंगशी ताडून बघायला.

सुरुवातीला मोबाइल एकदा सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा, म्हणजे किती माणसं होती ते दिसतं. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. कागदावर १२० सह्या आणि जागेवर ४० डोकी, असं घडतं. सह्या आधी घेतात, कधी नंतर घरोघर फिरून घेतात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून आजची सभा मूळ आहे की तहकूब, हे अध्यक्षांकडून मोठ्याने वदवून घ्या.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं का, ते पहिलं पकडा. मग प्रत्येक विषयाचा क्रमांक, ठराव कोणी मांडला आणि अनुमोदन कोणी दिलं. हात वर करून मत घेतलं, तर मोबाइल लोकांकडे वळवा. दोन्ही वेळा वळवा, ठरावाच्या बाजूने वर झालेल्या हातांकडे आणि विरोधातल्या हातांकडेही. विरोधात एकच हात असला तरी तो दिसला पाहिजे. ठरावात "सर्वानुमते" लिहायचं की "बहुमताने", हे त्या एका हातावर ठरतं.

आणि शेवटपर्यंत थांबा. विषयपत्रिकेत शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" असं असतं. तोवर लोक उठलेले असतात, गुरं सोडायची वेळ झालेली असते, मोबाइलची बॅटरी लाल झालेली असते. गायरान, गाळ्यांचा लिलाव, एखादं बिल हे विषय नेमके तिथे येतात. मी तर सांगेन, बॅटरी कमी असेल तर मधली सत्कार-भाषणं सोडून द्या, पण ही शेवटची पंधरा मिनिटं सोडू नका.

सोबत एक वही ठेवा. प्रत्येक विषयापुढे घड्याळातली वेळ लिहा: विषय ४, ११ वाजून २० मिनिटं, विरोध तिघांचा. तीन तासांच्या व्हिडिओत पुढे हवी ती जागा शोधायला या वहीसारखं दुसरं काही नाही.

बोलीचा मुद्दा

रेकॉर्डिंगचा आपल्या भागातला हा सगळ्यात मोठा उपयोग आहे असं मला मनापासून वाटतं, आणि याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

सभेत माणसं आपल्या बोलीत बोलतात. कोणी अहिराणीत, यावल-रावेरकडे लेवा बोलीत, शहाद्याकडे गुजरीत, धडगावच्या पाड्यांवर पावरी आणि भिलीत, नवापूरकडे मावचीत. वही मात्र सरकारी मराठीत लिहिली जाते, आणि लिहिणारे भाऊसाहेब बरेचदा दुसऱ्या जिल्ह्यातले असतात. एखादी आजी उठून म्हणते, "दोन महिना व्हई ग्यात, नळले पानी नई." वहीत येतं, "ग्रामस्थांनी पाणीपुरवठ्याबाबत सूचना केली." "दोन महिने" वहीतून गळाले. तक्रारीची सूचना झाली. आजींचे "ग्रामस्थ" झाले. यात भाऊसाहेबांचा वाईट हेतू असेलच असं नाही, कधी त्यांना बोलणं कळलेलंच नसतं.

म्हणून बोलीत बोलणारा माणूस उठला की तो पूर्ण रेकॉर्ड करा, मध्ये कापू नका. त्याचं झाल्यावर बोली आणि मराठी दोन्ही येणाऱ्या कोणाला तरी त्याचं बोलणं मराठीत सांगायला लावा, रेकॉर्डिंग चालू असतानाच. आणि अध्यक्षांना विनंती करा की हेच वाक्य वहीत घ्या. पावरी बोलणारी बाई ग्रामसभेत उभी राहते, यासाठी किती धीर लागतो हे ज्याने पाहिलंय त्याला कळेल. तिचं बोलणं वहीत पोचलंच पाहिजे.

मोबाइल खाली कधी करायचा

महिला ग्रामसभेत बायांना विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही. दारू, नवऱ्याची मारहाण, हागणदारी असं बोलायचं असतं, आणि समोर मोबाइल दिसला की बाया गप्प होतात. तिथे रेकॉर्डिंग करायचंच असेल तर त्यांच्यातल्याच एखादीने करावं आणि काय बाहेर जाणार ते त्यांनीच ठरवावं.

कोणावर झालेल्या लैंगिक अत्याचाराचा विषय निघाला तर तत्काळ बंद करा. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि गावात नाव न घेताही ओळख उघड होते. घरकुलाच्या किंवा निराधार योजनेच्या यादीत आधार नंबर, बँक खातं, आजारपण वाचलं जात असेल तर आवाज राहू द्या, पण कागदावर मोबाइल रोखू नका. शाळेतली पोरं चित्रात येत असतील तर मोबाइलची दिशा बदला.

कोणी अडवलं तर

अध्यक्ष म्हणाले, बंद करा, तर कारण विचारा, एकदाच आणि बसूनच. मग म्हणा, "ठीक आहे, मला शूटिंग बंद करायला सांगितलं आणि हे कारण दिलं, एवढं इतिवृत्तात घ्या." बरेचदा हे लिहायला कोणी तयार होत नाही आणि शूटिंग चालू राहतं. तरीही नाहीच म्हणाले, तर बंद करा आणि वहीत शब्दन् शब्द टिपा. दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, अर्जाची पोच जोडून.

मोबाइल कोणी हिसकावला तर झोंबाझोंबी करू नका. तिथे तुमचा हात लागला की विषय तुमच्यावर उलटतो. सोडून द्या, दोन साक्षीदारांची नावं लिहा, ११२ ला फोन करा. दबावाखाली व्हिडिओ डिलीट करावा लागला तर घाबरू नका, बहुतेक मोबाइलमध्ये तो काही दिवस गॅलरीच्या कचरापेटीत राहतो. पोलिसांनी मोबाइल ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा.

सभा संपल्यावर

त्याच दिवशी मूळ फाइल पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कापायचं ते प्रतीत. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रकरण पुढे कोर्टात गेलं, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि तेव्हा मूळ फाइल आणि तो मोबाइल दोन्ही उपयोगी पडतात.

गावच्या ग्रुपवर तुकडा टाकायचा असेल तर आधी पूर्ण व्हिडिओ कुठे आहे ते सांगा आणि तुकड्यावर वेळ लिहा. गाणं लावू नका, कोणाच्या चेहऱ्यावर "भ्रष्ट" लिहू नका. बदनामीचा दावा व्हिडिओमुळे क्वचितच होतो, तो वर लिहिलेल्या अशा शब्दांमुळे होतो.

मग नक्कल. साध्या अर्जाने मिळाली तर छान, नाही तर माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. "दि. … च्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची, हजेरी नोंदवहीची व अधिकृत चित्रीकरणाची प्रत" एवढंच लिहा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्यानंतरचं दुसरं अपील खान्देशासाठी राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, त्याला ९० दिवसांची मुदत आहे.

पालिकेत जायचं असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण तिथली वाट वेगळी आहे. नंदुरबार, अमळनेर, भुसावळ, शिरपूर, दोंडाईचा इथल्या पालिकांना १९६५ चा कायदा लागू आहे. जळगाव आणि धुळे या २००३ पासूनच्या महापालिका, त्यांना १९४९ चा. महापालिकेच्या कायद्यात सभा जनतेला खुली असते. मात्र बहुमताने ठराव करून एखादा विषय बंद दाराआड घेता येतो, आणि गडबड करणाऱ्याला पीठासीन अधिकारी बाहेर काढू शकतात. तुम्ही तिथे प्रेक्षक असता, सभासद नसता. त्यामुळे नुसतं कळवून भागणार नाही. महापालिकेत नगरसचिवांना आणि पालिकेत मुख्याधिकाऱ्यांना आधी लिहून रीतसर परवानगी मागा. जळगावच्या सतरा मजलीत, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत, पहिल्यांदा जाणाऱ्याने सभागृह कुठल्या मजल्यावर आहे आणि पास लागतो का, हे आदल्या दिवशीच विचारून यावं. परवानगी नाकारली तर वही-पेन घेऊन बसा. पालिकेने स्वतः रेकॉर्डिंग केलं असेल तर ते माहिती अधिकारात मागा.

पुन्हा गावाकडे. नक्कल हातात आली की एक दुपार काढा आणि व्हिडिओ लावून विषयामागून विषय ताडून बघा. जिथे फरक दिसेल तिथे नकलेच्या समासात व्हिडिओची वेळ लिहा. मग ग्रामसेवकांकडे जाऊन आधी खासगीत दाखवा, चूक नजरचुकीची असेल तर माणसाला सुधारायची संधी मिळू द्या. नाहीच ऐकलं, तर पुढच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त वाचायला घेतलं की कायम होण्याआधी उभं राहा: "विषय ४ ला सर्वानुमते लिहिलंय. ११ वाजून २० मिनिटांनी तिघांनी विरोध केला होता, व्हिडिओ इथे आहे. दुरुस्ती करा." हे बोलतानाही मोबाइल चालू असू द्या, तुमचा नाही तर शेजारच्याचा.